इंजिनाचे निदान : कानापासून कोडापर्यंत

मराठीत 'निदान' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. वैद्य रोगाचे निदान करतो तेव्हा रोगाच्या मुळाशी पोहोचणे असा त्याचा अर्थ असतो. आणि 'निदान पत्र तरी टाकायचे' असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'किमान' एवढाच असतो. मोटारीच्या इंजिनातला बिघाड शोधण्याच्या पद्धतींचा इतिहास पाहताना या दोन्ही अर्थांची आठवण ठेवावी लागते. आज मोबाइलच्या पडद्यावर उमटणारा पाच अक्षरांचा कोड पुष्कळदा दुसऱ्या अर्थाचे निदान असतो. आपण मात्र तो पहिल्या अर्थाने घेतो. हा गोंधळ कसा निर्माण झाला आणि त्यात कोणाचे काय गेले, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी मोटारीच्या बॉनेटखाली कशाला डोकवावे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, ही मौखिक परंपरेतल्या एका ज्ञानाचे लिखित संहितेत रूपांतर होण्याची कथा आहे. ती संहिता कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, तिच्या नकला कशा झाल्या आणि ती वाचण्याचा अधिकार कोणाला मिळाला, हे प्रश्न आपल्या अभ्यासक्षेत्राला अपरिचित नाहीत.

नागपूरची सीताबर्डी हे या बदलाकडे पाहण्याचे सोयीचे ठिकाण आहे. नोव्हेंबर 1817 मधील भोसले-इंग्रज लढाईने इतिहासात गेलेल्या टेकडीच्या परिसरात एकीकडे 1923 मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची वास्तू आहे, तर दुसरीकडे मुख्य रस्ता आणि मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्यांतला गजबजलेला बाजार आहे. मोबाइलच्या काचा, चार्जर आणि तारा यांच्या या जगात आता काडेपेटीएवढ्या बिनतारी स्कॅनरचीही भर पडली आहे. हजार रुपयांच्या आत मिळणारी ही डबी डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसवायची, ब्लूटूथ किंवा वायफायने मोबाइलशी जोडायची, एखादे ॲप उघडायचे, की इंजिनाच्या संगणकाने नोंदवून ठेवलेली तक्रार पडद्यावर दिसते. या सोयीचे महत्त्व समजण्यासाठी आधी ती नव्हती तेव्हाचा काळ पाहिला पाहिजे.

कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, उत्तरपाड्याची अँबेसेडर आणि महिंद्रांची जीप या गाड्यांवर आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या दोन-तीन पिढ्या घडल्या. त्यांची साधने मोजकी होती. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली की आतल्या टॅपेटचा किंवा बेअरिंगचा आवाज वेगळा ऐकू येई. वैद्याच्या स्टेथोस्कोपचे तत्त्व येथे कोणी न शिकवता अवतरले होते. गाडी 'मिसिंग' मारत असेल, म्हणजे चार सिलिंडरांपैकी एकात ज्वलन नीट होत नसेल, तर चालू इंजिनावर प्लगची एकेक वायर क्रमाने काढून पाहायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लडखडते. आजारी सिलिंडरची काढली तर काहीच फरक पडत नाही. डिझेलच्या ट्रकवर आणि एस.टी.च्या बसवर हीच परीक्षा इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून होई. काढलेला प्लग ही तर वाचायचीच वस्तू होती. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर प्रकृती ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट पडले असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

नागपूरच्या उन्हाळ्याने या विद्येत आपली भर घातली होती. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की इंजिनाला चिकटून बसवलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होई, पुरवठा तुटे आणि गाडी भर चौकात बंद पडे. मग पंपावर ओले फडके टाकायचे आणि थोडा वेळ थांबायचे. फडक्याने गाडी सुरू झाली तर वाफ हेच कारण. न झाली तर शोध पुढे चालू. म्हणजे येथे उपचार हीच परीक्षा होती. या पद्धतीला आयुर्वेदात 'उपशय' असे नाव आहे.

माधवनिदानासारख्या ग्रंथांनी रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. निदान म्हणजे कारण; पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची चाहूल; रूप म्हणजे व्यक्त लक्षण; उपशय म्हणजे आहार, औषध किंवा आचार यांनी बरे वाटते का यावरून केलेली पारख; आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कसकसा वाढत गेला त्याचा क्रम. गॅरेजमधल्या उस्तादाने हे ग्रंथ पाहिलेले नव्हते, पण त्याची विचारपद्धती या पाचही पायऱ्या चढत होती. गाडी कधीपासून असे करते, सकाळी करते की तापल्यावर, चढावर की सिग्नलला, हे प्रश्न तो विचारी; आणि मालकाच्या उत्तरातले किती खरे मानायचे, हेही त्याला समजत असे.

हे सगळे ज्ञान तोंडी होते. उस्तादाकडून ते हाताखालच्या पोराकडे जाई, तेही सांगून कमी आणि पाहून जास्त. त्याची भाषाही स्वतंत्र होती. नागपुरी वळणाच्या हिंदी-मराठीत गाडी 'हवा घेते', 'झटके खाते', 'पिकअप सोडते', कार्ब्युरेटरमध्ये 'कचरा येतो'. यातला प्रत्येक शब्द एका नेमक्या अनुभवाला चिकटलेला होता. जात्यावरच्या ओव्यांना सरोजिनी बाबर आणि त्यांची लोकसाहित्य समिती लाभली. गॅरेजमधल्या या शब्दसंपत्तीला मात्र तसा संकलक मिळाला नाही.

आता कोडाकडे वळू. त्याचा जन्म गॅरेजमध्ये झाला नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागेल. तो झाला हवेच्या काळजीतून. लॉस एंजेलिसच्या धुरक्याशी मोटारींच्या धुराचा संबंध 1950 च्या दशकात सिद्ध झाला. त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या वायू मंडळाने धुरावर मर्यादा आणल्या; पण नवी गाडी मर्यादेत असली तरी चार वर्षांनी ती तशी राहते की नाही, हे कसे कळावे? यावर उत्तर असे निघाले की, गाडीने स्वतःवरच लक्ष ठेवावे आणि धूर वाढवणारा बिघाड झाला तर दिवा लावून तो कबूल करावा. 1988 च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात या स्वनिरीक्षण यंत्रणेची पहिली आवृत्ती आली. त्या काळात प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे आणि कोड वेगळे असत. 1996 पासून संपूर्ण अमेरिकेत 'ओबीडी-टू' ही दुसरी आवृत्ती सक्तीची झाली आणि सर्व गाड्यांना एकच सॉकेट व समान कोड मिळाले. आज आपल्या मोबाइलवर दिसणारी संहिता ती हीच. म्हणजे तिचा मूळ वाचक धूर तपासणारा निरीक्षक होता. गाडीची प्रकृती समजून घेऊ इच्छिणारा मेकॅनिक आणि मालक तिच्याकडे नंतर आले.

भारतातही तिची वाट धुरातूनच गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 1999 मधील आदेशाने राजधानी परिसरात युरोपीय धर्तीची मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटर मागे पडून संगणकाने नियंत्रित होणारे इंधन-इंजेक्शन रुळू लागले. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2002 मध्ये अहवाल दिला आणि 2003 च्या वाहन-इंधन धोरणातून टप्प्याटप्प्याचा आराखडा ठरला. 1 एप्रिल 2010 रोजी भारत स्टेज-चार मानके ज्या पहिल्या 13 शहरांत आली, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, नागपूर नव्हते. देशातील पर्यावरण अभियांत्रिकीची अग्रगण्य संस्था 'नीरी' 1958 पासून नागपुरात आहे, तिने दिल्ली-मुंबईच्या हवेचा अभ्यासही केला आहे. पण स्वनिरीक्षण करणारी गाडी नागपूरसाठी सक्तीची नव्हती. ती मानके देशभर 1 एप्रिल 2017 पासून लागू झाली आणि पाचवी पायरी वगळून थेट स्टेज-सहा 1 एप्रिल 2020 पासून. त्याच वेळी स्वनिरीक्षणाचे बंधन दुचाकींपर्यंत पोहोचले.

स्थित्यंतराच्या या वर्षांत जुनी आणि नवी विद्या शेजारी शेजारी नांदत होती. सुझुकी घराण्याच्या सुरुवातीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत निदानाच्या जोडणीत तारेचा तुकडा घालून डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजता येई : एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे 'बारा', म्हणजे सर्व ठीक. स्कॅनर नसतानाही हुशार मेकॅनिक हे डोळ्यांनी वाचत. मुंबईत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर ती गाडी कानाने ओळखणाऱ्या मेकॅनिकांचा एक मोठा आधारही गेला.

कोडाचे व्याकरण सोपे आहे. उदाहरणार्थ 'पी-0301'. पहिले अक्षर गाडीचा विभाग सांगते. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा शक्तिविभाग. पुढचे शून्य म्हणजे हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. तेथे एक असता तर तो त्या कंपनीचा खासगी कोड ठरला असता. तीन म्हणजे प्रज्वलन किंवा मिसफायर. शेवटचे 01 म्हणजे पहिला सिलिंडर. उस्ताद चार वायरी ओढून, प्रसंगी विजेचा झटका खाऊन जे शोधी, ते येथे पाच चिन्हांत येते. 'पी-0171' म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी : पांढरट प्लगचेच हे लेखी रूप. 'पी-0172' म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे काजळी धरलेला प्लग.

परंतु खासगी कोडांचे काय? धुराशी संबंधित कोड सर्वांना खुले झाले, तरी गाडीच्या बाकीच्या पोथ्या कंपन्यांच्या कपाटात राहिल्या. हा प्रश्न भारतात कायद्यापर्यंत गेला. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या चौकशीत भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा आक्षेपाचा गाभा होता. दंड झालेल्यांत टाटा आणि महिंद्रा या आपल्या परिचयाच्या कंपन्याही होत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेले. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये समिती नेमली आणि त्या हक्काच्या क्षेत्रांत मोटारींचाही समावेश केला. ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा आपल्या परंपरेतला जुना वाद येथे नव्या वेशात उभा राहिलेला दिसतो.

दरम्यान, बंद कपाटाची एक फळी भलत्याच मार्गाने निघाली. कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने 'ईएलएम-327' नावाची चिप बनवली. गाडीच्या संगणकांच्या निरनिराळ्या बोली समजून घेऊन त्या साध्या आज्ञांत आणणारी ती दुभाषी होती. तिच्या पहिल्या आवृत्तीतील आज्ञावली कुलूपबंद केलेली नव्हती. तिची नक्कल झाली, आणि नकलांचा पूर जगभरच्या बाजारांत आला. मूळ कंपनी 2022 मध्ये बंद झाली. नकला अजून विकल्या जातात. त्यांतल्या असंख्य डब्यांवर 'आवृत्ती 1.5' असा शिक्का असतो, आणि मूळ कंपनीने 1.5 ही आवृत्ती कधी काढलेलीच नव्हती!

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. मूळ प्रत एक, नकला अगणित, नकलांत गाळलेल्या आज्ञा, आणि काही नकलांवर अस्तित्वातच नसलेल्या प्रतीचा दाखला. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच अपपाठांना कंटाळून. स्वस्त स्कॅनर एखाद्या गाडीशी बोलतच नाही किंवा अर्धवट आकडे देतो, तेव्हा दोष गाडीचा असेलच असे नाही. पोथी अशुद्ध असण्याची शक्यता आधी तपासावी. आयफोन जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ डब्यांशी जुळत नाही, त्याला वायफायची किंवा नव्या कमी-ऊर्जेच्या ब्लूटूथची डबी लागते, हेही पुष्कळांना विकत घेतल्यावर कळते. तरीही या नकलांनीच कोड वाचण्याची शक्ती सामान्य मालकाच्या आणि गल्लीतल्या गॅरेजच्या हाती दिली, हे नाकारता येणार नाही. अधिकृत मार्गाने जे झाले नाही ते अपभ्रष्ट प्रतीने केले.

आता मूळ प्रश्न : पडद्यावरचा कोड म्हणजे निदान काय? निदानपंचकाच्या भाषेत पाहिले तर उत्तर स्पष्ट होते. एकदाच जाणवलेला, दिवा अद्याप न लावणारा 'पेंडिंग' कोड हे पूर्वरूप. दिवा लावणारा पक्का कोड आणि त्या क्षणाची वेग, भार, तापमान यांची गोठवलेली नोंद हे रूप. येथे यंत्राचे काम संपते. 'पी-0171' एवढेच सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी आहे. हवेची रबरी नळी चिरली असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पेट्रोल पंप थकला असेल, किंवा सेन्सरजवळ सायलेन्सरची नळी गळत असेल, कोड एकच. ज्याला वाचता येते तो ॲपमधले चालू आकडे पाहतो. संगणक पेट्रोल किती वाढवून देत आहे, हे प्रमाण गाडी उभी असताना खूप जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल, तर संशय चिरलेल्या नळीवर. भार वाढताच तेही वाढत असेल, तर पंपावर. 'पी-0301' आला तर पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहावी. कोड बदलून 'पी-0302' झाला तर दोष कॉइलचा. हा ओल्या फडक्याचाच उपशय, फक्त साधन बदलले. संप्राप्ती मात्र, म्हणजे हे सगळे कशातून सुरू झाले हे, आजही माणसालाच जुळवावे लागते.

जो कोडालाच निदान समजतो तो कोडात नाव आले म्हणून सेन्सर बदलतो, आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. साक्षीदारालाच आरोपी ठरवण्याचा हा प्रकार आहे. त्याहून घातक गोष्ट म्हणजे ॲपमधले 'पुसा' हे बटण. ते दाबले की दिवा विझतो, आणि गोठवलेली नोंदही जाते. रोग तसाच राहतो, रोगाचा कागद फाटतो. जुन्या गाडीच्या विक्रीआधी असे केले जाऊ शकते. पण संहितेत त्याचाही पुरावा उरतो : पुसल्यानंतर गाडीच्या स्वयंचाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालणे लागते. विकायला आलेल्या गाडीत कोड एकही नाही आणि बहुतेक चाचण्या 'अपूर्ण' आहेत असे दिसले, तर पाटी नुकतीच पुसली गेली असण्याचा संशय घ्यावा.

एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. कान निवृत्त झाला असे आपण म्हणतो, पण तो इंजिनाच्या आत गेला आहे. 'नॉक'चा आवाज ओळखणारा सेन्सर हा दाबाने वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकाचा एक कानच असतो. मिसफायर ओळखण्यासाठी संगणक क्रँकच्या फिरण्याची लय पाहतो. ज्वलन चुकले की त्या मात्रेला फिरणे किंचित मंदावते. उस्तादही तीच लय ऐकत होता. फरक एवढाच की, त्याचे ऐकणे शागिर्दाला शेजारी उभे राहून शिकता येत होते. यंत्राचे ऐकणे इंग्रजी वाक्याच्या रूपात बाहेर येते.

हा फरक लहान नाही. कोडाखालचे स्पष्टीकरण इंग्रजीत, ॲपचे रकाने इंग्रजीत, दुरुस्तीच्या चित्रफितींचा मोठा भाग इंग्रजी-हिंदीत. ज्याचा कान पन्नास गाड्यांतून एक आजारी गाडी वेगळी काढू शकतो, तो मेकॅनिक या पडद्यासमोर निरक्षर ठरतो. आणि ज्याला वाचता येते त्या पोराला प्लगचा रंग कोणी दाखवलेला नसतो. भाषा संचालनालयाने यंत्र अभियांत्रिकीचा परिभाषा कोश केला. तो कोश आणि गॅरेजमधली बोली यांची भेट मात्र झाली नाही. 'सिस्टिम टू लीन' याला 'गाडी हवा घेते' हा जिवंत प्रतिशब्द गॅरेजमध्ये तयार होता. तो ॲपपर्यंत पोहोचवणारा दुवा आपण निर्माण केला नाही.

येथे मराठी विभागांना करण्याजोगे काम आहे. कार्ब्युरेटरवर शिकलेले मेकॅनिक आता साठीच्या पुढे आहेत. त्यांचे शब्द, त्यांच्या परीक्षा, त्यांचे प्रश्न विचारण्याचे क्रम नोंदवून घेणे आणि त्या प्रत्येकाशेजारी आजचा कोड लिहिणे, एवढा प्रकल्प एखाद्या महाविद्यालयाला दोन उन्हाळ्यांत पुरा करता येईल. त्यातून निघणारी पुस्तिका गल्लीतल्या गॅरेजच्या भिंतीवर टांगली गेली, तर पडदा वाचणारा पोरगा आणि आवाज ओळखणारा उस्ताद एकाच गाडीजवळ उभे राहून एकमेकांना काही सांगू शकतील. इंजिन नसलेल्या विजेच्या गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या आहेत. हे काम करायला हाती असलेला काळ फार मोठा नाही. ते निदान सुरू तरी व्हावे.